जुन्या पाइपाच्या पोटातून नवा पाइप

मंडळी, सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधला आणि १८९० च्या दशकात बडोद्यात नळाचं पाणी यायला लागलं. तलाव शहराहून उंचावर, त्यामुळे पाणी उताराने आपणहून येई. त्या काळी पाइप असत बिडाचे. बीड टिकाऊ खरं, पण ते फसवं म्हातारं होतं. आतून गंजाच्या गाठी चढतात आणि सहा इंची पाइपात चार इंचही वाट उरत नाही. बाहेरून, दमट मातीत, लोखंड झिरपून जातं आणि मागे काळं ग्राफाइट राहतं. आकार जसाच्या तसा, पण चाकूने खरवडलं तर भुगा पडतो. असा तुकडा हातात घेतला की पोटात गोळा येतो, कारण त्याच्या शेजारून गटार गेलेलं असतं. पाणी दिवसातून थोडाच वेळ येतं. ते बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि फटीतून बाहेरची घाण आत ओढली जाते. सकाळचं पहिलं पाणी गढूळ का, त्याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं.

मग बदलायचा कसा? पोळातली, म्हणजे बडोद्याच्या जुन्या दाट वस्तीतली, गल्ली खणली तर माणसांना घराबाहेर पडायला वाट उरत नाही आणि जुन्या भिंतींचे पायेही उघडे पडतात. म्हणून पाइप बर्स्टिंग. ही पद्धत १९८० च्या सुमारास इंग्लंडात निघाली, तीही गॅसचे जुने बिडाचे पाइप बदलायला. गल्लीच्या दोन टोकांना दोन खड्डे घ्यायचे. एकीकडून सळया घालून दुसरीकडे शंकूच्या आकाराचं डोकं जोडायचं आणि यंत्राने ओढायचं. डोकं पुढे सरकतं तसं बीड फुटतं, तुकडे मातीत दाबले जातात आणि मागोमाग एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, काळा, निळ्या पट्ट्यांचा पाइप आत येतो. हवा तर आधीपेक्षा मोठ्या व्यासाचासुद्धा. ओढताना तो ताणला जातो, म्हणून जोडण्या लगेच करायच्या नाहीत. त्याला काही तास आखडू द्यायचं. घाई केली की सांधे निसटतात. शेजारी गॅसची लाइन असेल तर ती आधी उघडी करून मोकळी ठेवावी लागते, कारण फुटणारं बीड मातीला ढकलतं.

या पद्धतीला ‘खोदाईशिवाय’ पाइप बदलणं म्हणतात, पण तो शब्द मला पुरता पटत नाही. जुना पाइप फुटतो तेव्हा त्यावरची प्रत्येक घराची नळजोडणी तुटते. प्रत्येक दारापाशी एक छोटा खड्डा घ्यावाच लागतो आणि तोवर रस्त्यावरून तात्पुरत्या नळ्या टाकून पाणी द्यावं लागतं. आणि मुख्य पाइप नवा, पण घरात येणारी गंजकी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) नळी तीच राहिली, तर घाण आत शिरायची वाटही तीच राहिली. खड्डा उघडाच आहे तर ती नळीही त्याच दिवशी बदलून घ्यायला हवी. खर्च वाढेल, वाढू द्या.

आता माझं मागणं. जोडण्या कुठे आहेत हे काम सुरू होण्याआधी कळलं पाहिजे आणि जुन्या वस्तीत ते कागदावर क्वचित सापडतं. ते ठाऊक असतं पाणी सोडायची चावी फिरवणाऱ्या माणसाला, गल्लीतल्या जुन्या प्लंबरला. तुमच्या घरात कोणी वडीलधारं असेल, ज्यांच्यासमोर नळ घेतला गेला, तर त्यांना उद्या दाराबाहेर आणा. कुठल्या पायरीखालून पाइप वळतो, ते दाखवायला सांगा आणि तिथे खडूने खूण करून ठेवा.