सीए की वकील? आधी पहिला जबाब बघू

मंडळी, विषय ठेवलाय 'करासाठी सीए की वकील'. मी वकील, तेव्हा माझं उत्तर गृहीत धरूनच तुम्ही आला असाल. मागं बसलेले सीए आत्ताच हसताहेत. हसा. आज निम्मी बाजू तुमचीच मांडणार आहे.

आधी काटोलकडच्या एका बागायतदाराची गोष्ट. ऑगस्टात व्यापारी आले, झाडावरचा संत्र्याचा आंबिया बहार पाहिला, सौदे ठरवले, रोख इसार देऊन गेले. कुणाचाच आकडा दोन लाखांच्या घरात नाही, पण सगळे मिळून सात लाखांच्या आसपास गेले. यांनी ते बँकेत भरले. पुढं रिटर्न स्क्रुटिनीत, म्हणजे आयकर खात्याच्या तपासणीत, निघालं आणि नोटीस आली, ही रोकड कुठली?

घरात भाचा. बीकॉम झालेला, लॅपटॉपवाला, सगळ्या भावकीचे रिटर्न तोच भरतो. असा एक घरोघरी असतो. तुमच्याकडं नसेल तर बहुतेक तुम्हीच तो. (हशा) त्यानं पोर्टलवर एक ओळ टाकली, 'संत्री विकून आलेली रक्कम.' अधिकाऱ्यानं बाजार समितीच्या पावत्या मागितल्या. आंबिया तोडायला दिवाळी उजाडते. ऑगस्टात माल झाडावर, पावती कुठून आणायची? पोरगा घाबरला. दुसरा जबाब दिला, 'भावाकडून हातउसने घेतले.' आणि भाऊ कोण? कोळसा खाणीत पगारदार! वीस हजार किंवा जास्त रक्कम रोखीनं उसनी घेतली तर तेवढाच दंड लागू शकतो. दोघांचं उत्पन्न निव्वळ शेतीचं असेल तर सूट आहे, पगारदार भावाच्या पैशाला ती कुठली? म्हणजे मामाला एका खड्ड्यातून काढता काढता भाच्यानं दुसरा खणून ठेवला.

पूर्वी नागपुरात सिव्हिल लाइन्सला आयकर भवनात जाऊन सांगता यायचं, 'साहेब, इसार आहे जी हा.' आता कारभार फेसलेस. अधिकारी कोणत्या शहरात बसलाय ठाऊक नाही, आणि बगीचा झाडावरच विकला जातो हे त्याला माहीत असायचं कारण नाही. गंमत बघा, आयकर अधिकारी घडवणारी राष्ट्रीय अकादमी आपल्याच छिंदवाडा रोडवर आहे. तिथं शिकताना त्यांनी संत्री भरपूर खाल्ली असतील, सौदा मात्र पाहिला नसेल. तो कागदावर लिहून समजवायला हवा होता. इसारचिठ्ठ्या, सातबारा, व्यापाऱ्यांचं लेखी म्हणणं, सगळं मिळण्यासारखं होतं. स्वतः पिकवलेली फळं झाडावर विकली तरी ते शेतीउत्पन्नच, म्हणजे करमुक्त. पण दोन जबाब एकमेकांच्या विरोधात गेले आणि रक्कम खुलासा न झालेलं उत्पन्न ठरली. त्या वर्षीच्या दरानं कर साठ टक्के, अधिभार-उपकर धरून अठ्ठ्याहत्तर!

मग गृहस्थ माझ्याकडं. 'वकीलसाहेब, आता हायकोर्टात खरं काय ते सांगून टाका ना.' तिथंच तर घोडं अडतं.

(चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. प्रास्ताविकाला किती दिली होती, ते विचारत नाही.)

तर भराभर सांगतो. अधिकारी, पहिलं अपील, त्यावरचं आयकर अपिलांचं ट्रिब्युनल, या तिन्ही पायऱ्यांवर सीएही उभा राहू शकतो, वकीलही. टॅक्स ऑडिट फक्त सीएचं, हायकोर्ट फक्त वकिलाचं. पण आयकराच्या अपिलात हायकोर्ट कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतं. पैसा कुठून आला, ही वस्तुस्थिती ट्रिब्युनलपर्यंत ठरून जाते, आणि ती ठरते बहुतेक पहिल्या जबाबावर. म्हणून हिशेब सीएनं मांडावा, आणि रक्कम मोठी किंवा खुलासा अवघड असेल तर जबाब अपलोड होण्याआधी वकिलानं वाचावा. १९४१ साली सुरू झालेल्या ट्रिब्युनलच्या खंडपीठावर एक न्यायिक आणि एक लेखा सदस्य बसवतात. न्याय द्यायला दोघं लागतात, मग जबाब लिहायला भाचा एकटा कसा पुरेल?

साधं पगाराचं रिटर्न, एखादं घर विकल्याचा भांडवली नफा, टीडीएसची तफावत, यासाठी माझ्याकडं येऊ नका, सीए पुरे. समन्स, धाड, खोट्या बिलांचा आरोप, खटल्याची भाषा आली तर पहिल्याच दिवशी वकील. वकिलाशी व्यावसायिक नात्यानं बोललेलं गुप्त ठेवायला साक्षीच्या कायद्याचं संरक्षण आहे. सीएवर व्यवसायाची बंधनं असली तरी त्याला तसं संरक्षण नाही. विश्वास तेवढाच ठेवा, बोलताना फरक ध्यानात ठेवा. पहिल्या अपिलाची मुदत तीस दिवस. सीएनं ऑर्डर बघायच्या आत त्यातले वीस गेलेले असतात.

आणि पोर्टलवर ईमेल कुणाचा दिलाय, ते घरी जाऊन बघा. भाच्याचा असेल तर आज रात्रीच बदला. नोटीस तिथंच येते.