राखणीची रात्र आणि थर्मल दुर्बीण

(दृश्य : मालवण तालुक्यातील एक मळा. सूर्यास्त. पिकलेले भात, जांभ्या दगडाचा गडगा म्हणजे कुंपणाची भिंत, मांगर म्हणजे शेतघर.)

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आहे. दोन सड्यांच्या, म्हणजे कातळाच्या उंच माळांच्या, मधल्या या मळ्यात भात पिकून पिवळे झाले आहे, कापणी आठ दिवसांवर आली आहे, आणि रानडुकरे सड्यावरच्या झुडपांच्या जाळीतून खाली उतरतात तीही याच दिवसांत. डुक्कर जेवढे खाते त्याहून कितीतरी अधिक तुडवते आणि लोळून आडवे करते. पडद्यावर दिसणारा हा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, एका रात्रीत झोपला.

(दृश्य : मांगराची ओटी. डबा, सळी, फटाके, बॅटरी.)

राखणीचे साहित्य ओटीवर मांडलेले आहे. पत्र्याचा डबा, तो बडवायची लोखंडी सळी, फटाक्यांची माळ, तीन सेलची बॅटरी आणि बांधावरच्या सौर झटका-कुंपणाची पेटी. राखणदार कान देऊन बसतो, सळसळ ऐकू आली की डबा वाजवतो, आणि वाऱ्याने सळसळले की डुकराने, हे त्याला बहुतेक वेळा सकाळीच कळते. यंदा या साहित्यात एका हातभर दोरीला बांधलेली, मुठीत मावणारी काळी वस्तू वाढली आहे. घरातल्या मुंबईकर मुलाने आणलेली ही थर्मल, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारी, दुर्बीण आहे. ती घेताना त्याने काय पाहिले, काय पाहायचे राहून गेले आणि या मळ्यात कोणती दुर्बीण उपयोगी पडली असती, याचा शोध आम्ही सहा रात्री घेतला.

(दृश्य : गडग्यावर टेकवलेला हात. हात उचलला जातो. थर्मल चित्रात चिऱ्यावर पाच बोटांचा उजळ ठसा.)

हात उचलला तरी त्याची ऊब चिऱ्यावर काही क्षण राहते आणि दुर्बिणीला ती दिसते. उबेची ही डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलक आणि तापमापी यांच्या साहाय्याने ओळखली. १८७८ च्या सुमारास सॅम्युएल लँगली यांनी बोलोमीटर हे अशी किरणे मोजणारे उपकरण बनवले, आणि पुढे त्याच्या सुधारलेल्या रूपाने पाव मैलावर उभ्या असलेल्या गाईची उष्णता टिपता येत असे, असे सांगितले जाते. गाईचा हा दाखला आमच्या यजमानांना फार आवडला. आजच्या दुर्बिणीत तेच बोलोमीटर सूक्ष्म रूपात, हजारोंच्या संख्येने, एका नखाएवढ्या सेन्सरवर बसवलेले असते. व्हॅनेडियम ऑक्साइडचा असा सेन्सर अमेरिकेतील हनीवेल कंपनीने लष्करासाठी विकसित केला. तो १९९२ मध्ये गुप्ततेतून मुक्त झाला आणि मगच नागरी बाजारात येऊ शकला. अंगाची उष्णता असलेल्या प्राण्याचे प्रारण नऊ-साडेनऊ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते आणि हा सेन्सर ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात पाहतो, त्यामुळे त्याला चांदणे लागत नाही आणि बॅटरीचा झोतही लागत नाही.

(दृश्य : रस्त्यावर उभी रिक्षा. साध्या कॅमेऱ्यात चालक दिसतो. थर्मल चित्रात काच काळी, चालक नाहीसा.)

मात्र साध्या काचेतून त्याला काहीही दिसत नाही. रिक्षाच्या पुढच्या काचेआड बसलेला माणूस या चित्रात नाही. याच कारणाने दुर्बिणीचे भिंग काचेऐवजी जर्मेनियम या धातुसदृश मूलद्रव्याचे करावे लागते, आणि किमतीचा मोठा वाटा त्या भिंगाचा असतो. दाट पानांच्या पलीकडचेही दिसत नाही. करवंदीच्या जाळीआड बसलेले डुक्कर, गुरे आणि माणूस, तिन्ही सारखीच अदृश्य असतात.

(दृश्य : मोबाइलवर जाहिरात. भिंगाखाली आकडे.)

निवडीची खरी अडचण जाहिरातीतल्या आकड्यांपासून सुरू होते. ‘डिटेक्शन १८०० मीटर’ अशासारखा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. त्याचा अर्थ इतकाच, की तेवढ्या अंतरावर उघड्यावर उभा असलेला माणूस पडद्यावर दोन-चार ठिपक्यांएवढा उमटेल. तो माणूस आहे की खांब आहे, हे त्या ठिपक्यांवरून सांगता येत नाही. अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये याचे एक मोजमाप घालून दिले आणि ते आजही वापरले जाते. पिक्सेलच्या, म्हणजे सेन्सरवरच्या एकेका सूक्ष्म बोलोमीटरच्या, भाषेत सांगायचे तर, काहीतरी आहे हे कळायला वस्तूच्या लहान बाजूवर साधारण २ पिक्सेल, ते कोणत्या जातीचे आहे हे कळायला ८ आणि नक्की काय आहे हे कळायला १३ पिक्सेल पडावे लागतात. हे आकडे निम्म्या वेळी बरोबर ठरण्याचे आहेत, आणि एवढ्या भरवशावर फार तर डबा वाजवावा.

(दृश्य : रात्र. दुर्बिणीच्या पडद्यावर पांढरा ठिपका. ओटीवरची माणसे.)

आमच्या यजमानांच्या दुर्बिणीचा सेन्सर २५६ बाय १९२ पिक्सेलचा, पिक्सेल १२ मायक्रॉनचा आणि भिंग १० मिलिमीटरचे आहे. पिक्सेलच्या मापाला भिंगाच्या नाभीय अंतराने भागले की एक पिक्सेल किती जागा झाकतो ते निघते. येथे शंभर मीटरवर एक पिक्सेल १२ सेंटिमीटर झाकतो. डुकराची खांद्यापर्यंतची उंची ६५ सेंटिमीटर धरली तर त्याच्या वाट्याला पाच पिक्सेल येतात. दुसऱ्या रात्री मळ्याच्या वरच्या टोकाला, अंदाजे शंभर मीटरवर, हा पांढरा ठिपका हलू लागला. सगळे उठून बसले, डबा हातात आला, आणि ठिपका निवांत चाळीस मीटरपर्यंत चालत आला तेव्हा घरातली म्हातारी पडद्याकडे पाहून म्हणाली, “डुकर नाय तो, आमचोच पाडो.” दावे तोडून आलेला म्हशीचा पाडा होता. चाळीस मीटरवर त्याच दुर्बिणीत एक पिक्सेल पाच सेंटिमीटरांहून थोडा कमी झाकतो, म्हणून म्हातारीला पाय आणि कान ओळखता आले.

(दृश्य : दुसरी दुर्बीण, मोठे भिंग. चित्र जवळ, पण अरुंद.)

मग मोठे भिंग घ्यावे, असे कुणालाही वाटेल. सावंतवाडीच्या एका स्नेह्याकडून आम्ही ३८४ बाय २८८ सेन्सरची, ३५ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण दोन रात्रींसाठी मागून आणली. शंभर मीटरवर तिचा पिक्सेल साडेतीन सेंटिमीटरांहूनही कमी जागा झाकतो आणि पाड्याच्या शिंगांचे कोंबसुद्धा मोजता येतात. पण चाळीस मीटरवर तिच्यातून जेमतेम सव्वापाच मीटर रुंदीची पट्टी दिसते. डुकरे बांधाच्या कुठल्या टोकाने शिरतील हे ठाऊक नसताना अशा दुर्बिणीने मळा पाहणे म्हणजे पोफळीच्या नळीतून जत्रा पाहण्यासारखे आहे. पाचव्या रात्री कळप आमच्या डावीकडून आत आला आणि आम्ही उजवीकडे पाहत होतो. ते चित्रीकरण अर्थात नाही.

ही लांब भिंगे ज्या बाजारासाठी बनतात तो बाजार निराळा आहे. टेक्सासमधली मोकळी शेते, तिथली माजलेली रानडुकरे, दोनशे-तीनशे यार्डांवरची रायफल, आणि युरोपातले मक्याचे पट्टे. आपल्याकडे दोन उतारांच्या मधला मळा साठ-ऐंशी मीटरांचा असतो आणि त्याच्या पलीकडे जाळी सुरू होते. या मापाच्या मळ्याला ३८४ बाय २८८ चा सेन्सर आणि १९ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग असा जोड बसतो. शंभर मीटरवर सुमारे २४ मीटर रुंदी दिसते, आणि ऐंशी मीटरपर्यंत डुकराच्या उंचीवर तेरा पिक्सेल पडतात. ६४० पिक्सेलचा सेन्सर परवडत असेल तर तो घ्यावा, पण भाताच्या पिकावर तेवढा खर्च कसा भागवायचा, हे विकणारा सांगत नाही.

(दृश्य : सडा, संध्याकाळी साडेसात. थर्मल चित्रात जांभा पांढराफटक. पुन्हा तोच सडा, पहाटे तीन.)

पिक्सेलांच्या गप्पांत कोकणासाठी सर्वांत मोलाचा आकडा मागे पडतो. तो आहे संवेदनक्षमतेचा, म्हणजे तापमानाचा किती लहान फरक दुर्बिणीला कळतो त्याचा, जो मिलिकेल्विनमध्ये (अंशाच्या हजाराव्या भागात) लिहिलेला असतो आणि जितका लहान तितका चांगला. दिवसभर तापलेला जांभा संध्याकाळी इतका उष्ण असतो की त्याच्यापुढे जनावर उठून दिसत नाही. मध्यरात्रीनंतर कातळ निवतो आणि तेच जनावर मशालीसारखे उजळते. उजाडताना आणि मावळताना एक घटका अशी येते की दगड, गवत आणि जनावराची केसाळ पाठ यांचे तापमान जवळजवळ एकच होते. परतीचा पाऊस पडून गेला, दव पडले, हवा दमट झाली, की सगळा मळा एकाच राखाडी रंगाचा होतो, कारण ओल्या वस्तूंमधला तापमानाचा फरक उरत नाही आणि हवेतली वाफ व थेंब उरलेली उष्णता वाटेतच शोषतात. चौथ्या रात्रीचे हे चित्र सरीनंतरचे आहे. डावीकडची दुर्बीण ४० मिलिकेल्विनची, उजवीकडची २५ पेक्षा कमी. मळा एकच आहे, मिनिटही एकच आहे. डाव्या चित्रात धुके आहे आणि उजव्या चित्रात बांधावरून जाणारा, उदमांजराच्या कुळातला कांडेचोर आहे. कोरड्या हवेच्या देशात केलेली परीक्षणे वाचून दुर्बीण घेणाऱ्याने हे चित्र दोनदा पाहावे.

(दृश्य : दुर्बीण डोळ्याला. ‘टक्’ असा आवाज, चित्र क्षणभर थांबते.)

हा ‘टक्’ आवाज बिघाडाचा नाही. आतला पडदा क्षणभर सेन्सरपुढे येतो आणि सगळे पिक्सेल एका पातळीवर आणतो. कळप जवळ असताना तो आवाज कुणालाही नको असतो, म्हणून ही क्रिया बटणावर ठेवता येणारी दुर्बीण निवडावी. चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तेही पाहावे. निर्यातीच्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांतून सुटण्यासाठी अनेक स्वस्त यंत्रे ९ हर्ट्झवर ठेवलेली असतात. त्यांत पळणारे डुक्कर तुटक तुटक दिसते, तर ५० हर्ट्झवर ते पळताना दिसते. उजळ पडद्याला डोळा लावून बाजूला केला की तो डोळा काही मिनिटे आंधळा होतो आणि बांधावरून चालताना पाय चुकतो, म्हणून उजळपणा खाली आणावा किंवा तांबड्या रंगाचा पर्याय वापरावा.

(दृश्य : भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक.)

बंदुकीवर बसणारा थर्मल स्कोप का घेत नाही, हा प्रश्न गावात आम्हाला रोज विचारला गेला. शेतीसंरक्षणासाठी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना मिळालेली ठासणीची बंदूक कोकणात अजून अनेक घरी आहे, आणि निवडणूक आली की त्यांतल्या बऱ्याच पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन भातावर, लागली होती. या बंदुकीच्या नळीत आटे नसतात, तिचा छर्रा पसरत जातो आणि स्कोप बसवायला तिच्यावर पट्टीही नसते. तिच्यावर तिच्या कित्येक पट किमतीचा स्कोप चढवणे हे काथ्याच्या दोरीला चांदीची गाठ मारण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे परवान्याची रायफल आहे त्यांनीही परवाना देणाऱ्या जिल्हाधिकारी कार्यालयात आधी लेखी विचारून घ्यावे. खुद्द स्कोपच्या निवडीत धक्का सोसण्याची क्षमता, निशाण जुळवल्यानंतर ते टिकणे आणि अंतर मोजणारा लेझर या तीन गोष्टी पाहतात. अंतराची बाब गंभीर आहे, कारण थर्मल चित्रात खोली कळत नाही आणि जनावराच्या मागे गडगा आहे की वाडी आहे ते उमगत नाही.

आमचा आक्षेप त्याहून साधा आहे. बंदुकीवरच्या स्कोपने रान पाहायचे म्हणजे जे जे पाहायचे त्या प्रत्येकाकडे नळी रोखायची. पाड्याकडे, शेजाऱ्याकडे आणि खेकडे पकडायला गेलेल्या पोरांकडेही. डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या कोकणाने वाचलेल्या आहेत.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आले, आणि पिकाला उपद्रव करणारे जनावर मारण्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते. गवा, बिबट्या आणि खवले मांजर सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

(दृश्य : सहावी रात्र, दोन वाजून दहा मिनिटे. थर्मल चित्र. सात उजळ आकृत्या, चार मोठ्या, तीन लहान.)

सहाव्या रात्री कळप खालच्या बाजूने आला. माद्यांचे कान आणि पोट सर्वांत उजळ दिसते, पाठीवरच्या राठ केसांमुळे पाठ मंद दिसते. राखणदाराने साठ मीटरवर ओळख पटवली, कळप बांध ओलांडायच्या आत डबा वाजवला आणि आकृत्या वळल्या. त्या जिथे क्षणभर थबकल्या होत्या तिथल्या गवतावर उबेचे फिकट डाग राहिले आणि एकेक करून विझले.

(दृश्य : पहाट. दुर्बिणीचे भिंग पुसणारे हात. डब्यात सिलिका जेलची पुडी.)

खाऱ्या हवेत भिंगावरचा लेप टिकवायचा तर ते आधी फुंकून आणि मगच मऊ फडक्याने पुसावे लागते. सदऱ्याच्या टोकाने पुसल्यास मिठाचे कण चरे पाडतात. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून दुर्बीण सिलिका जेलसह झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि बॅटरी काढून ठेवावी. या घरी त्यासाठी कुळथाच्या पिठाचा रिकामा डबा काढून दिला आहे, आणि पुडीचा रंग बदलला की ती चुलीजवळ वाळवण्याचे काम म्हातारीकडे आहे.