एपी किती घ्यायचे? ज्युनिअर इयरचा (अकरावीचा) विषयनिवडीचा फॉर्म भरण्याआधी

नमस्कार मंडळी!

फेब्रुवारी आला की आमच्या न्यू जर्सीत बोलायला दोनच विषय असतात. एक बर्फ, आणि दुसरा "तुमच्या मुलीने एपी किती घेतलेत?" गेल्या शनिवारी एडिसनला एका मैत्रिणीकडे पॉटलक होतं. मिसळीवर तर्री घ्यायला मी वळले, तेवढ्यात शेजारच्या काकांनी गाठलंच. "आमची यंदा पाच घेतेय. तुमचा?" मला थेट पुण्यातला आमचा जिना आठवला. दहावीचा निकाल लागला की खालच्या काकू तिथे उभ्याच असायच्या, "किती टक्के गं?" एवढे समुद्र ओलांडून आलो, पण जिना काही सुटला नाही.

तर आज त्या आकड्याबद्दल बोलू. मी काउन्सेलर नाही, कन्सल्टन्सी चालवत नाही, काही विकत नाही. थोरली आता कॉलेजात आहे आणि धाकटा नववीत. थोरलीच्या वेळी जे चुकलं ते शेवटी सांगते.

भारतातून बघणाऱ्यांसाठी अर्ध्या मिनिटात. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची, 1 ते 5 मध्ये गुण मिळतात. हे 1950 च्या दशकापासून चालू आहे. आज सुमारे 40 विषय आहेत. कॅल्क्युलस, फिजिक्स, अमेरिकेचा इतिहास, सायकॉलॉजी, स्पॅनिश, लॅटिनसुद्धा. मराठी नाही, हिंदीही नाही, त्यामुळे रविवारच्या मराठी शाळेचा इथे उपयोग शून्य. (आजीला सांगू नका.)

आता मुद्द्याचं. पॉटलकमध्ये आकड्याची तुलना होते ती सगळ्या शाळांच्या मुलांशी. कॉलेजची अ‍ॅडमिशन ऑफिसं तशी तुलना करत नाहीत. अर्जाबरोबर तुमची शाळा एक कागद पाठवते, त्याला स्कूल प्रोफाइल म्हणतात. शाळेत कोणते एपी शिकवतात, नववीत घेऊ देतात की नाही, जीपीए (सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी) कसा मोजतात, हे सगळं त्यात असतं. आणि कॉमन अ‍ॅपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाच्या, फॉर्मवर शाळेच्या काउन्सेलरला एक टिक करायची असते. तुमच्या शाळेतून कॉलेजला जाणाऱ्या बाकी मुलांच्या मानाने या मुलाचे विषय किती कठीण होते? सगळ्यात वरचा रकाना 'मोस्ट डिमांडिंग', त्याखाली 'व्हेरी डिमांडिंग', मग 'डिमांडिंग', असं खाली खाली.

म्हणजे ज्या शाळेत सहाच एपी आहेत तिथली पाच घेणारी मुलगी वरच्या रकान्यात बसते, आणि पंचवीस एपी असलेल्या शाळेत पाच घेणारी कदाचित नाही. काकांची मुलगी वेगळ्या शाळेत असेल तर तिचा आकडा ऐकून तुमच्या हातात काहीच पडत नाही. विचारायचंच असेल तर काउन्सेलरला विचारा. सरळ विचारा, "आपल्या शाळेत मोस्ट डिमांडिंगवर टिक करायला तुम्ही काय बघता?" काही काउन्सेलर स्पष्ट सांगतात, काही गोल गोल बोलतात. पण आपल्यातले बहुतेक पालक हा प्रश्न विचारतच नाहीत. काउन्सेलरकडे जायचं म्हणजे आपल्याला अजूनही मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखं वाटतं.

बरं, राज्याराज्यात हिशेब बदलतो. बे एरियातल्या मंडळींनी इकडे लक्ष द्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया जीपीए मोजताना एपी आणि ऑनर्स (शाळेचाच वरच्या पातळीचा वर्ग) विषयांचा जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना देते. म्हणजे वर्षभराचे चार विषय झाले. त्यातही दहावीतली चारच सेमिस्टर धरतात. नवव्या सेमिस्टरला त्या हिशेबात जादा काही मिळत नाही. विषय कठीण होते हे त्यांना अर्जात दिसतंच, ते वेगळं. पण "प्रत्येक एपीला एक गुण वाढतो" हा जो समज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो, तो चुकीचा आहे.

टेक्सासची गोष्ट निराळी. तिथे यूटी ऑस्टिनला, म्हणजे तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीला, शाळेतल्या वरच्या काही टक्के मुलांना थेट प्रवेश मिळतो. ही मर्यादा 6 टक्के होती, 2026 च्या फॉलपासून 5 टक्के झाली. अनेक शाळांत क्रमांक लागतो वेटेड जीपीएवर, म्हणजे एपीतल्या ए ला 4 ऐवजी 5 धरून. आता गंमत बघा.

[स्क्रीनवर: पाच एपी, सगळ्यांत ए = 5.0. त्यात साधा ऑर्केस्ट्रा, त्यातही ए = 4.83]

पाच एपी, पाचही विषयांत ए, सरासरी 5. सहावा विषय ऑर्केस्ट्रा. तो साधा विषय, म्हणून त्यातला ए फक्त 4 चा. सरासरी आली 4.83 वर. मुलाने व्हायोलिन उत्तम वाजवलं म्हणून त्याचा क्रमांक खाली गेला! डॅलसच्या पालकांना मी दोष देत नाही. ज्या खेळाचे नियम असे आहेत तिथे लोक तसंच खेळणार. पण नियम तुमच्या राज्यात तसे नसतील तर तुम्ही व्हायोलिन का सोडायचं?

नॉर्थ कॅरोलिनाचं एक उदाहरण मला फार आवडतं. चॅपल हिलच्या युनिव्हर्सिटीने काही वर्षांपूर्वी स्वतःच्याच विद्यार्थ्यांचे पहिल्या वर्षाचे गुण तपासले. हायस्कूलमध्ये कॉलेजच्या तोडीचे पाच विषय होईपर्यंत पहिल्या वर्षाचे गुण चढते दिसले. पाचच्या पुढे फारसा फरक नाही. आता, प्रत्येक कॉलेज असंच वागेल असा याचा अर्थ काढू नका. फार निवडक कॉलेजांत अर्ज करणारी मुलं पाचपेक्षा जास्तच घेऊन येतात, हे मी आजूबाजूला बघतेय. पण दहावा एपी घेताना "कॉलेजच्या तयारीसाठी" असं कारण कुणी सांगितलं तर माझ्या मनात हे उदाहरण येतं.

आता कागद-पेन घ्या. हा भाग मुलाला शेजारी बसवून करा. आठवड्याचे तास 168. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी असं इथले झोपेचे डॉक्टर सांगतात. आपण कमीत कमी धरू, आठ. 56 गेले, राहिले 112. शाळा सात तास, बस एक तास, पाच दिवस. चाळीस गेले. 72. जेवण, अंघोळ, आवराआवर, आईशी वाद, रोजचे तीन तास. 21 गेले, 51. टेनिस किंवा मार्चिंग बँड, सीझनमध्ये आठवड्याला बारा तास सहज. 39. मराठी शाळा, कथ्थक, एखादा वाढदिवस, चार तास. 35. बाकीच्या साध्या विषयांचा गृहपाठ सहा तास. 29.

हे 29 तास आहेत. आता यात एपी बसवा.

आमच्या घरी ए-पुश, म्हणजे अमेरिकेचा इतिहास, आठवड्याला सहा तास खायचा. नुसतं वाचन! केमिस्ट्री सहा. कॅल्क्युलस बीसी पाच. इंग्लिश लँग्वेज चार. कॉम्प्युटर सायन्स चार, प्रोग्रॅम चालला तर. बेरीज 25. हातात उरले चार तास, त्यात एसएटीची (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेची) तयारी, मैत्रिणी, फोन, आणि भिंतीकडे बघत बसणं. सोळाव्या वर्षी भिंतीकडे बघत बसायलाही वेळ लागतो. चार तासांत हे बसत नाही, मग वेळ कुठून येतो? झोपेतून. यादीतली तेवढी एकच गोष्ट अशी आहे जी कमी केली तर कुणी शिक्षक ईमेल पाठवत नाहीत.

तुमच्या शाळेतले आकडे वेगळे असतील. वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, पालकांना नको. पालक नेहमी कमी तास सांगतात.

मग माझं मत काय? अगदी स्पष्ट सांगते, पटलं तर घ्या. भरपूर एपी असलेल्या शाळेत, बऱ्यापैकी अभ्यासू मुलासाठी, चार वर्षांत मिळून सहा ते आठ भरपूर झाले. एका वर्षात तीन, फार तर चार. नववीत शून्य किंवा एक. आणि इंग्लिश, गणित, सायन्स, सोशल स्टडीज, परदेशी भाषा हे पाच खांब चारही वर्षं उभे हवेत. स्पॅनिश तिसऱ्या वर्षी सोडून तिथे एखादा हलका एपी टाकायचा आणि आकडा वाढवायचा, हा प्रकार मी बराच बघितलाय. मला तो पटत नाही.

कोणते घ्यायचे हे किती घ्यायचे याहून आधी ठरवा. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाने कॅल्क्युलस आणि फिजिक्स सी घेतलं आणि सायकॉलॉजी घेतलं नाही, तर काही बिघडत नाही. आपल्याकडे बारावीला पीसीएमबी घेणारी मुलं असायची ना, "दोन्ही दरवाजे उघडे ठेवतोय" म्हणून? त्यातल्या किती जणांना जीवशास्त्राची खरी आवड होती, तुम्हीच आठवून बघा.

"एपीत बी चांगला की साध्या विषयात ए?" हा प्रश्न प्रत्येक कॉलेजच्या माहितीसत्रात येतो आणि समोरून ठरलेलं उत्तर येतं, "एपीत ए." सगळे हसतात, उत्तर कुणालाच मिळत नाही. माझं उत्तर असं की एखाद्या एपीत बी आला तर येऊ द्या. दोन एपींत सी दिसायला लागले तर एक उतरवा, एपीतून ऑनर्समध्ये या. मात्र त्याची तारीख असते! वर्ष सुरू झाल्यावर काही आठवड्यांच्या आत बदललं तर ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजला जाणाऱ्या गुणपत्रकावर) काही उमटत नाही, नंतर बऱ्याच शाळांत उमटतं. ती तारीख सप्टेंबरातच फ्रिजवर लावा.

पैशाचंही थोडं बोलू. परीक्षेला प्रत्येक विषयाचे सुमारे 100 डॉलर. त्या बदल्यात कॉलेजचं क्रेडिट मिळतं का, म्हणजे तो विषय कॉलेजात झालेला धरतात का? कुठे जाता त्यावर आहे. टेक्सास आणि इलिनॉयमध्ये सरकारी कॉलेजांनी 3 गुणांना क्रेडिट द्यायचं असा कायदा आहे, तिथे खरंच एखादं सेमिस्टर वाचू शकतं. उलट डार्टमथने 2018 ला पदवी घेणाऱ्या बॅचपासून पदवीसाठी एपीचं क्रेडिट देणं बंद केलं. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीत 5 असतील तर पहिला कॅल्क्युलस सुटतो, पण सगळ्या विषयांचं तसं नाही. म्हणून "एपी म्हणजे फी वाचते" हे वाक्य कॉलेजचं नाव कळेपर्यंत अर्धवटच धरा. आणि सीनिअर इयरच्या (बारावीच्या) परीक्षेचा निकाल जुलैत लागतो, तोवर अ‍ॅडमिशन होऊन गेलेली असते. तो निकाल फक्त क्रेडिटपुरता.

हे सगळं मी आज शहाणपणाने सांगतेय. थोरलीच्या वेळी आम्ही ज्युनिअर इयरला पाच घेतले होते. वर जे पाच विषय सांगितले, तेच. ऑक्टोबरमध्ये ती म्हणाली, "आई, मी ढोल-ताशा पथक सोडते." गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवताना तिचा चेहरा ज्याने बघितलाय त्याला कळेल. आणि मी काय म्हणाले? "बरं झालं, वेळ वाचेल." तिने पथक सोडलं, तो वेळ केमिस्ट्रीत गेला, केमिस्ट्रीत शेवटी बीच आला. जानेवारीत एकदा तिला शाळेतून आणायला गेले, घरी येईपर्यंत ती सीटबेल्टमध्येच झोपली. गॅरेजमध्ये गाडी बंद करून मी वीस मिनिटं तशीच बसून राहिले, उठवावंसं वाटेना. सीनिअर इयरला तिने तीनच घेतले. पथकात परत गेली नाही. मी दोनदा विचारलं. म्हणाली, "आता नवीन मुली आल्यात गं."

आमच्या जवळच्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या शाळांच्या डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटनी (प्रमुखांनी), डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी, 2015 साली मुलांच्या ताणाबद्दल पालकांना 16 पानी पत्र लिहिलं होतं आणि हायस्कूलच्या मिडटर्म, फायनल परीक्षा बंद केल्या होत्या. त्यावर पालकांत मोठा वाद झाला. विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे बाहेरून आलेले पालक बरेच होते. त्या वेळी मीही नाक मुरडलं होतं, "अभ्यासाने कुणी मरतं का?" हे आता कॅमेऱ्यासमोर कबूल करते.

धाकट्याचा दहावीचा फॉर्म परवा भरायचाय. वर्ल्ड हिस्ट्री एपी, ते त्याचं त्याने निवडलंय. कॉम्प्युटर सायन्सचं अजून ठरत नाही. आणि सातव्या पिरियडला त्याला सुतारकाम हवंय, वुडशॉप. त्याचे बाबा कालपासून विचारतायत, "सुतारकाम कशाला?" काल रात्री आम्ही तिघांनी मिळून तोच 168 चा कागद भरला. सुतारकामाला गृहपाठ नसतो, असं धाकट्याने तिथल्या तिथे दाखवून दिलं. बाबा अजून कागदाकडे बघतायत.

तुमच्या शाळेत ज्युनिअर इयरला कोणता विषय किती तास खातो ते खाली लिहा, शाळेचं नाव नको, राज्य पुरे. पुढच्या व्हिडिओत गणिताच्या ट्रॅकबद्दल बोलू, सातवीतच तो कसा ठरून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. चला, भेटू.