शत्रूच्या दप्तरातली ग्रॉन्या

श्रोतेहो, नमस्कार.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यात, क्लू नावाचा उपसागर आहे. त्याच्या एका चिंचोळ्या खाडीच्या तोंडाशी चार मजल्यांचा एक दगडी बुरूज अजून उभा आहे आणि भरतीचे पाणी त्याच्या पायथ्याशी येऊन लागते. या बुरुजाचे नाव रॉकफ्लीट. सोळाव्या शतकात येथे राहून जिने आपली गलबते चालवली, त्या ग्रॉन्या नी वॉल्या या स्त्रीविषयी मी आज बोलणार आहे. इंग्रजी कागदांत तिचे नाव ग्रेस ओमॅली असे येते आणि आयरिश गाण्यांत तिला ग्रॅन्युएल म्हणतात.

तिच्या चरित्राची एक गंमत आधी सांगायला हवी. आयर्लंडच्या जुन्या इतिहासाचे मोठे साधन म्हणजे चार पंडितांनी १६३२ ते १६३६ या काळात डोनेगॉलमध्ये संकलित केलेली कालक्रमणिका. तीत राजे आहेत, बिशप आहेत, लढाया आहेत, इंग्रजांशी नऊ वर्षे झुंजलेला ह्यू ओनील तर पानोपानी आहे. ग्रॉन्याचे नाव मात्र तीत एकदाही येत नाही. अशा नोंदी सरदार घराण्यांच्या आश्रयाने, त्यांच्या वंशावळी आणि वारसहक्क सांभाळण्यासाठी लिहिल्या जात, आणि आयरिश रिवाजाप्रमाणे कुळाची सरदारकी स्त्रीकडे जाऊ शकत नव्हती. जिला गादीच मिळणार नव्हती, तिची दखल घेण्याचे भाटाला काही कारण नव्हते. आज आपल्याला ती दिसते ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांतून, तक्रारींतून आणि चौकशीच्या कागदांतून. तिला फासावर चढवू पाहणाऱ्यांनीच तिचे चरित्र जपून ठेवले, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तिचा जन्म १५३० च्या सुमाराचा. वडील ओवेन डुडारा हे ओमॅली कुळाचे सरदार. हे कूळ दर्यावर्दी होते. जमिनीवर आणि समुद्रावर बलवान, अशा अर्थाचे त्यांचे लॅटिन ब्रीद होते. त्यांचा मुलूख कॉनॉट प्रांतात मोडतो. हे नाव आपल्याला दिल्लीच्या कॉनॉट प्लेसमुळे ओळखीचे आहे. ज्या इंग्रज राजपुत्रावरून त्या चौकाला नाव मिळाले, त्याची पदवी याच प्रांतावरून आली होती. प्रांतातले मोठे बंदर गॉलवे, पण तेथील व्यापारी आयरिश कुळांना दारात उभे करत नसत. कोणाही ‘ओ’ने किंवा ‘मॅक’ने, म्हणजे आडनावाआधी ओ किंवा मॅक लावणाऱ्या आयरिश माणसाने, गॉलवेच्या रस्त्यांवरून मिरवत जाऊ नये, असा नियमच त्या शहराने १५१८ मध्ये केला होता. ज्यांना शहरात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, ते शहराकडे येणारी जहाजे बाहेर समुद्रातच अडवून जकात आणि वाटाड्याचे पैसे वसूल करत, आणि कोणी नाही म्हटले तर मालच उतरवून घेत. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटले. ओमॅलींच्या लेखी ती त्यांच्या पाण्यावरची वहिवाट होती.

साधारण १५४६ मध्ये तिचे लग्न शेजारच्या ओफ्लाहर्टी कुळातल्या डोनलशी झाले. त्याच्यापासून तिला ओवेन आणि मरो हे दोन मुलगे आणि मार्गारेट ही मुलगी झाली. डोनल मारला गेल्यावर ती माहेरच्या पाण्यावर परतली, आणि १५६६ च्या सुमारास तिने रॉकफ्लीटच्या रिचर्ड बर्क याच्याशी दुसरे लग्न केले. या लग्नापासून झालेला तिचा धाकटा मुलगा टिबट याचा जन्म गलबतावर झाला, अशी आख्यायिका आहे. तिच्या नावावरच्या अशा कथांना तोटा नाही आणि त्या ऐकायला गोडही आहेत. पण कागद बोलू लागले की त्या फिक्या पडतात, म्हणून आपण कागदांकडेच वळू.

१५७४ मध्ये गॉलवेहून आलेल्या इंग्रज तुकडीने रॉकफ्लीटला वेढा घातला आणि त्या तुकडीलाच हात हलवत परतावे लागले. तीन वर्षांनी इंग्लंडच्या राणीचा आयर्लंडमधला प्रतिनिधी सर हेन्री सिडनी गॉलवेला आला, तेव्हा ग्रॉन्या आपण होऊन त्याच्या भेटीला गेली आणि तीन गलबते व दोनशे लढवय्ये घेऊन हुकूम होईल तेथे चाकरीला येण्याची तयारी तिने दाखवली. सिडनीने पुढे या भेटीची आठवण लिहिताना तिला अतिशय प्रसिद्ध अशी स्त्री कप्तान म्हटले आहे आणि ती नवऱ्यालाही सोबत घेऊन आली होती, हे मुद्दाम नोंदवले आहे. त्या जोडप्यात कोणाचे चालत होते, हे त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. त्याच सुमारास डेझमंडच्या अर्लच्या मुलखात लूट करताना ती पकडली गेली आणि लिमरिक व डब्लिन येथे कैदेत राहून १५७९ मध्ये सुटली. तेव्हाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लिहिले आहे की, या बाईने निर्लज्जपणे स्त्रीत्वाची मर्यादा ओलांडली आहे. तिच्या लुटीइतकाच तिच्या बाईपणाचा राग त्या वाक्यात आहे.

१५८३ मध्ये रिचर्ड वारला. तेव्हा आपली माणसे आणि गाई-घोड्या मिळून एक हजार जनावरे घेऊन आपण रॉकफ्लीटला मुक्काम केला, असे तिने पुढे स्वतःच सांगितले आहे. दुसऱ्याच वर्षी सर रिचर्ड बिंगहॅम कॉनॉटचा सुभेदार म्हणून आला आणि पुढची दहा-बारा वर्षे या दोघांच्या वैराची झाली. १५८६ मध्ये बिंगहॅमचा भाऊ कॅप्टन जॉन फौज घेऊन तिचा मुलगा ओवेन याच्या मुलखात उतरला. ओवेन तेव्हा कोणाच्या बंडात नव्हता. आईने दिलेली हकीकत अशी की, पलीकडच्या काठावरून सैनिकांनी शिधा मागितला, ओवेनने त्यांना स्वतः बेटावर आणवले, जेवू घातले, आणि त्याच रात्री त्याला व त्याच्या माणसांना बांधण्यात आले. त्याच्या चार हजार गाई हाकून नेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या अठरा साथीदारांना फाशी दिले, त्यांत नव्वदीचा एक म्हातारा होता. त्यानंतरच्या रात्री छावणीत खोटीच ओरड उठवण्यात आली आणि त्या गोंधळात बांधलेल्या ओवेनला बारा वार करून मारण्यात आले. पुढे ग्रॉन्यालाही दोराने बांधून बिंगहॅमसमोर उभे केले आणि तिच्यासाठी नवा फाशीखांब उभारला; जावई जामीन राहिला म्हणून ती वाचली. दुसरा मुलगा मरो पुढे बिंगहॅमला जाऊन मिळाला, तेव्हा तिने गलबते घेऊन त्याच्याच गावावर हल्ला केला, गाव जाळले आणि त्याची गुरे नेली. हे आपल्याला बिंगहॅमच्या कागदांतून कळते, आणि ते लिहिताना त्याला थोडी गंमत वाटली असावी, असे मला वाटते.

१५९२ मध्ये बिंगहॅमने क्लू उपसागरात जहाजे घालून तिची गलबते जप्त केली. पुढच्या वर्षी टिबट आणि तिचा सावत्र भाऊ डोनल दोघेही कैदेत पडले. तेव्हा साठीच्या घरातल्या या बाईने थेट एलिझाबेथ राणीकडे अर्ज केला. अर्जात तिने लिहिले की, कॉनॉटमधल्या सततच्या भाऊबंदकीमुळे आपल्याला व आपल्या माणसांना गेली चाळीस वर्षे हत्यार हाती घेऊन जमिनीवर आणि समुद्रावर पोट भरणे भाग पडले. आता बिंगहॅमचे त्याच वर्षाचे पत्र पाहावे. ही बाई गेली चाळीस वर्षे प्रांतातल्या प्रत्येक बंडाची दाई आहे, असे त्याने वर कळवले होते. दोघांचा आकडा एकच आहे. त्या चाळीस वर्षांत काय घडले याबद्दलही दोघांचे फारसे दुमत नव्हते. वाद फक्त त्याला म्हणायचे काय, एवढाच होता.

राणीचा मुख्य मंत्री लॉर्ड बर्ली हा कागदावर भिस्त ठेवणारा माणूस होता. त्याने तिच्यापुढे अठरा प्रश्नांची यादी ठेवली. तुझे आईबाप कोण, पहिला नवरा कोण, त्याच्यापासून मुलगे किती, ते कोठे राहतात, दुसरा नवरा मेल्यापासून तुझा निर्वाह कसा चालला, नवऱ्यांच्या मालमत्तेत तुझा हक्क कोणता? तिने क्रमवार उत्तरे दिली आणि हीच तिची कैफियत. मला तीतले सर्वांत ठळक वाटते ते विधवांबद्दलचे उत्तर. इंग्लंडमध्ये विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा मिळे. आयरिश रिवाजात असा हिस्सा नाही, हे तिने स्पष्ट केले. विधवेने माहेरून आणलेले धन तेवढे तिला परत मिळावे, असा प्रघात असला तरी नवरे उधळे असतात, मरताना मागे काही उरत नाही आणि बायकोच्या हाती धुपाटणे येते. चाचेगिरीचा आरोप असलेली एक बाई परक्या दरबारात आपल्या समाजातल्या विधवांची स्थिती समजावून सांगते आहे आणि त्यातूनच आपला निर्वाहाचा दावाही उभा करते आहे. वकिलाने सुचवले असेल म्हणावे, तर उधळ्या नवऱ्याचा हा अनुभव वकिलाचा वाटत नाही.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रिनिच राजवाड्यात दोघींची भेट झाली. चित्रकारांनी ती पुष्कळ रंगवली, राणीकडून मिळालेला रुमाल ग्रॉन्याने वापरून आगीत टाकला अशी गोष्ट सांगितली जाते, दोघी लॅटिनमध्ये बोलल्या असे म्हणतात. पण दप्तरात या संभाषणाचा एक शब्दही नाही. दप्तरात आहे ते राणीने बिंगहॅमला धाडलेले ६ सप्टेंबर १५९३ चे पत्र. दुसऱ्या दिवशी राणीला साठ वर्षे पुरी होणार होती. आपल्याच वयाच्या त्या स्त्रीला म्हातारपणी निर्वाहापुरते मिळावे आणि त्याची सोय तिच्या मुलांच्या मालमत्तेतून करावी, असे राणीने लिहिले आणि ही बाई हयातभर आपल्या बाजूने लढण्याचे वचन देते आहे, असेही बजावले. म्हणजे पुन्हा समुद्रावर जाण्याचा परवानाच ग्रॉन्याने मिळवला होता, फक्त राणीच्या नावाने. बिंगहॅमने चरफडत टिबट आणि डोनल यांना सोडले, पण तिच्या मुलखावर सैनिकांचा खर्च लादला आणि दोन वर्षांनी तिला पुन्हा अर्ज करावा लागला.

टिबट पुढे इंग्रजांच्या बाजूने गेला, १६०१ मध्ये ओनीलविरुद्धच्या किनसेलच्या लढाईत त्यांच्याकडून लढला आणि १६२७ मध्ये मेयोचा व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाला. आईने दोन्ही दरडींवर पाय ठेवून सांभाळलेले त्याच्या पदरात पडले.

ग्रॉन्याचे नाव इंग्रजांच्या कागदांत उशिराने उमटते ते किनसेलच्याच वर्षी. उत्तरेच्या किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या ‘ट्रॅमोन्टाना’ या युद्धनौकेच्या कप्तानाने जुलै १६०१ मध्ये कळवले की, त्याला तीस वल्ह्यांचे एक गलबत भेटले. गलबतावर शंभर बंदूकधारी होते, त्यांनी त्याच्या होडीशी जवळजवळ तासभर झुंज दिली आणि होडीची सरशी होऊ दिली नाही. अखेर जहाज जवळ आणून मोठ्या तोफा डागल्या, तेव्हा ते प्रकरण मिटले. गलबत कॉनॉटचे आहे आणि त्याची मालकीण ग्रॅनी ओमॅली आहे, असे कप्तानाने पुढे लिहून ठेवले. तेव्हा तिने सत्तरी गाठली होती.