जहाल वाक्याची बातमी

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, लासलगावला एका नेत्याची सभा झाली. भाषण चाळीस मिनिटांचं. त्यातला निम्मा वेळ कांद्यावर गेला: पडलेले भाव, कांदाचाळीत सडणारा माल, नाफेडची खरेदी. शेवटी विरोधकाला उद्देशून एक जहाल वाक्य आलं. रात्री वाहिन्यांवर तेवढंच दिसतं. कांदा कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी नेते म्हणतात, ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास झाला.’ पुष्कळदा ते खरं नसतं. वाक्य त्यांचंच असतं आणि ते लोकांपुढे आणणं हे बातमीदाराचं कामच आहे. अन्याय होतो तो आजूबाजूचं जे कापलं जातं त्यात, आणि तो नेत्यापेक्षा आपल्यावर जास्त होतो.

हे घडतं कसं? तालुक्याचा बातमीदार सभा चालू असतानाच मोबाइलवरून पंधरा-वीस सेकंदांचा बाईट, म्हणजे भाषणाचा छोटा तुकडा, पाठवतो. डेस्कवर, म्हणजे बातम्यांचं संपादन होतं तिथे, पूर्ण भाषण पोहोचलेलं नसतं. तेवढ्यावरच पडद्याखालची पट्टी लिहिली जाते. तोच बाईट घेऊन दुसरा बातमीदार नाशिकमध्ये विरोधी नेत्याला गाठतो: ‘यावर तुमची प्रतिक्रिया?’ त्यांनीही भाषण ऐकलेलं नसतं. उत्तर आणखी तिखट येतं, एकाच्या दोन बातम्या होतात, रात्रीची चर्चा ही तिसरी. मूळ वाक्यात एखादा आकडा किंवा आरोप असेल, तर तो खरा की खोटा हे तपासायचं काम या धावपळीत कुणाकडेच नसतं. सगळ्यात मोठी उणीव हीच. दावा अवतरणचिन्हांत टाकला की आपली जबाबदारी संपली, असं डेस्कवर धरून चालतात. ती संपत नाही. दावा खोटा असेल तर ते त्याच बातमीच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं. दोन दिवसांनी आतल्या पानावर नव्हे.

मथळ्यातला पक्षपात तर उघड दिसतो. एकाचा ‘घणाघात’, दुसऱ्याची ‘जीभ घसरली’. दोघांनाही ‘म्हणाले’ पुरे.

दोन समाजांत तेढ वाढवणारं वक्तव्य हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. असे शब्द दिवसभर वाजवले जातात. पण गुन्हा नोंदला का, आरोपपत्र गेलं का, याची बातमी शोधूनही सापडत नाही.

आपण काय करावं? पूर्ण भाषण बहुधा नेत्याच्या स्वतःच्या फेसबुक पानावर किंवा यूट्यूबवर असतं. वादाच्या वाक्याआधीची दोन मिनिटं आणि नंतरचं एक मिनिट ऐका. वाक्य कुणाच्या प्रश्नाला उत्तर होतं का? त्याआधी एखादा ‘जर’ होता का? तो ‘जर’ गाळला की अर्थच फिरतो.

बातमी चुकीची वाटली तर आधी संपादकांना लेखी कळवा: तारीख, पान, मथळा आणि नेमकं काय चुकलं ते. दखल घेतली नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे, म्हणजे प्रेस कौन्सिलकडे, जाता येतं. दैनिकासाठी मुदत बातमी छापल्यापासून दोन महिन्यांची. परिषद समज देते, ताशेरे ओढते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. वाहिनीविरुद्धची तक्रार आधी वाहिनीकडेच करायची. केबल दूरचित्रवाणीच्या २०२१ च्या नियमांनुसार तिनं पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं. मात्र प्रसारणाची तारीख, वेळ आणि चित्रफीत त्याच दिवशी जपून ठेवा. वाहिनीनं ती नंतर काढून टाकली, तर तक्रारीला आधार उरत नाही.