पात्यात शिवलेलं बाळंतघर

श्रोतेहो, नमस्कार. कोळी म्हटलं की आपला हात आधी केरसुणीकडे जातो. पण आजचा कोळी जळमटं करणारा नव्हे. तो जाळं विणतच नाही. पुन्हा सांगते, जाळं विणत नाही. रेशमाची पिशवी करून तिच्यात राहतो आणि रात्री गवतात फिरून शिकार करतो. राहणार जपानचा, शास्त्रीय नाव काइराकँथियम जापोनिकम. पिवळसर अंग, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर, जबड्यांची टोकं काळी.

आता मला आवडणारी गोष्ट. उन्हाळ्यात जपानच्या माळांवर सुसुकी नावाचं उंच गवत माजतं. मादी त्याचं लांब पातं दुमडते, पुन्हा दुमडते आणि कडा रेशमानं शिवून टाकते; हळदीच्या पानातली पातोळीच म्हणा ना. आत ती आणि तिची शंभरेक अंडी. या दिवसांत कुणी पातं उसवलं, तर ती चावायला कमी करत नाही. दहाएक दिवसांनी अंडी फुटतात, पिल्लं पहिली कात टाकतात आणि आईच्या अंगावर चढून तिला खायला लागतात. मेलेल्या नव्हे, श्रोतेहो, जिवंत आईला! जबडे तेच, विष तेच. पण ती पळत नाही, पिल्लांना झटकत नाही. एका रात्रीत तिचं नुसतं कवच उरतं. पिल्लं मात्र टम्म होऊन आणखी थोडे दिवस तिथंच मुक्काम ठोकतात.

यावर मातृदिनाचा सुविचार करून कुणी सकाळी सहाला पाठवू नका, हात जोडते. गुलाबाच्या चित्रावर काहीही खपतं हल्ली. या मादीची वीण एकदाच होते; पिल्लांचं पहिलं जेवण म्हणजे तीच, आणि त्यावर ती तगतात.

चावा मात्र खराच वाईट. आग होते, सूज येते, कुणाला डोकेदुखी, उलट्याही होतात. तिकडे उन्हाळ्यात माळावर फिरायला गेलात, तर दुमडलेलं पातं उघडायचं नाही. नाही म्हणजे नाही.

बरं, याचा अमेरिकेतला भाऊबंद गवतावर भागवत नाही. २०११ साली माझदा या जपानी कंपनीला तिथल्या हजारो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. पेट्रोलच्या टाकीची हवा जाण्याच्या नळीत या पिवळ्या कोळ्यांनी बिऱ्हाड केलं होतं!