वर्षश्राद्ध होऊ दे, मग बोलू

नमस्कार मंडळी. आज घरात सहसा कुणी काढत नाही असा विषय काढतेय. इथे इंग्लंडमध्ये आपलं माणूस गेलं, विल उघडलं, आणि त्यात बायकोचं किंवा मुलीचं नावच नाही. मग काय करायचं?

आपल्याकडे आधी सगळे गप्प बसतात. तेरावा तरी होऊ दे, लोक काय म्हणतील, लगेच पैशांचं कशाला, आणि मग ठरलेलं वाक्य, "वर्षश्राद्ध होऊ दे, मग बोलू." मला कळतं ते, मी पण अशाच घरात वाढलेय. पण इथला कायदा वर्षश्राद्धापर्यंत थांबत नाही हो. विलमध्ये वाजवी सोय झाली नाही अशा घरच्यांसाठी १९७५ चा इनहेरिटन्स ॲक्ट आहे, त्याच्याखाली दावा लावायला सहा महिने मिळतात, माणूस गेल्यापासून नाही, प्रोबेट (म्हणजे विलप्रमाणे इस्टेट वाटायची अधिकृत परवानगी) निघाल्यापासून. नंतर गेलात तर आधी कोर्टाची परवानगी मागा, आणि ती मिळेलच असं काही नाही.

बरेच जण विचारतात, वडिलांच्या इस्टेटीत आमचा हक्क नाही का? नाही. इंग्लंड-वेल्समध्ये (स्कॉटलंडचं वेगळं आहे) माणूस आपलं सगळं कुणालाही देऊ शकतो, वडिलोपार्जित वगैरे भानगड इथे नाही. पण नवरा-बायको, मुलं, निदान दोन वर्षं नवरा-बायकोसारखे एका घरात राहिलेले, किंवा ज्यांचा खर्च तो माणूस चालवायचा असे लोक कोर्टाला सांगू शकतात की माझी वाजवी सोय केलेली नाही. त्यात बायकोची बाजू सगळ्यात भक्कम, कारण कोर्ट हेही बघतं की आज मृत्यूऐवजी घटस्फोट झाला असता तर हिला किती मिळालं असतं.

२०२३ ची हरबन्स कौर यांची केस मला विसरता येत नाही. साठ वर्षांहून जास्त संसार, घरच्या कपड्यांच्या धंद्यात राबलेल्या, आणि नवऱ्याने विलमध्ये सगळं दोन मुलांना ठेवलं, बायकोला आणि मुलींना काहीच नाही. हायकोर्टाने त्यांना अर्धी इस्टेट दिली. ऐंशीच्या पुढच्या बाईला हे मागायला कोर्टात जावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मोठ्या झालेल्या, कमावत्या मुलांचं मात्र अवघड असतं. हेदर इलॉट सतरा वर्षांची असताना मित्राबरोबर घर सोडून गेली, आईने विलमध्ये तिला काही ठेवलं नाही, जवळपास ४ लाख ८६ हजार पौंडांतलं बहुतेक सगळं प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना गेलं. आई वारली २००४ ला, २००७ ला खालच्या कोर्टाने मुलीला ५० हजार दिले, मग अपिलावर अपील, आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टाने परत तोच ५० हजारांचा आकडा कायम केला. दहा वर्षं! म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी मेडिएशनला, म्हणजे मध्यस्थ घेऊन बोलणी करायला, बसा, हरणाऱ्याला बहुतेक वेळा समोरच्याचाही खर्च भरावा लागतो.

विलच खोटं किंवा चुकीचं वाटत असेल तर तो रस्ता वेगळा. १८३७ च्या कायद्यानुसार सही दोन साक्षीदारांच्या समोर झाली पाहिजे, दोघं एकाच वेळी हजर पाहिजेत. सकाळी शेजारीण आली, संध्याकाळी तिचा नवरा येऊन सही करून गेला, हे चालत नाही. आणि जो साक्षीदार होतो त्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला विलमधून सहसा काही मिळत नाही, तेव्हा सुनेला साक्षीदार करून मुलाला घर देऊ नका. म्हातारपणी भान होतं का, कुणी जबरदस्ती केली का, हेही विचारता येतं, पण जबरदस्ती सिद्ध करणं फार कठीण. असा संशय असेल तर प्रोबेट निघायच्या आधी कॅव्हिएट, म्हणजे प्रोबेट देऊ नका अशी नोंद, टाका, सहा महिने प्रोबेट थांबतं. पण नुसती सोय मागायची असेल तर कॅव्हिएट हे त्याचं हत्यार नाही, तिथे प्रोबेट निघू द्या आणि तारीख पकडा.

आणि पुण्याचा फ्लॅट? त्याला भारतातला कायदा लागतो. इथे नवीन विल करताना "आधीची सगळी विल रद्द" ही ओळ नीट वाचा, त्या एका ओळीने तिकडचं विलही उडू शकतं.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. काका गेले, विलमध्ये यांच्यासाठी काही नव्हतं, आणि त्या म्हणाल्या, मला भांडायचं नाही. मी म्हटलं, भांडू नका, फक्त प्रोबेट कधी निघालं ते बघा. ऑनलाइन शोधता येतं, आणि निघालं की कळवा अशी सोयही आहे. तारीख कळल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं, सहा पानं उलटली आणि संकष्टीच्या शेजारच्या चौकोनावर लाल पेनने गोल केला. सॉलिसिटरला फोन त्याच आठवड्यात गेला. वर्षश्राद्ध नंतर मुलांनीच केलं, सगळे जण एका पंगतीला होते.